चार इंचांचा बीम आणि बाईंची सायकल

आमच्या शाळेच्या मागच्या कंपाउंडची भिंत माझ्या खांद्याएवढी उंच आणि वरून जेमतेम वीतभर रुंद होती. मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाला की मी त्या भिंतीवर चढायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे. कुणाला दाखवायला नाही. मागच्या बाजूला कुणी येतच नसे, म्हणून तर मी तिथे जायचे. सहावीत असताना एकदा अशीच अर्ध्यावर पोचले आणि खाली पाहिलं, तर शारीरिक शिक्षणाच्या नव्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. आता वर्गाबाहेर अंगठे धरून उभं राहायचं, हे मी मनातल्या मनात कबूल करून टाकलं.

"चुकलं बाई. उतरते."

"उतरू नको," बाई म्हणाल्या. "टोकापर्यंत जाऊन ये. आणि खाली बघू नको, टोकाकडे बघ."

मी गेले आणि आले. बाईंनी मला खाली उतरवलं, माझी पावलं बघितली, घोटा दाबून बघितला, आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी साडेसहाला मैदानावर ये. केस घट्ट बांधून."

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली होती. नाशिकमध्ये मुली खो-खो खेळायच्या, लेझीम खेळायच्या. जिम्नॅस्टिक्स हा शब्द मात्र आमच्या वर्गात कुणालाही नीट उच्चारता येत नव्हता. बाई सटाण्याकडच्या. वय असेल सव्वीस-सत्तावीस. पांढरी साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट. बोलायच्या अगदी पुस्तकातल्यासारखं, पण चिडल्या किंवा आनंदल्या की त्यांची अहिराणी बाहेर पडायची. "काय चालू शे हाई!" असं मैदानाच्या त्या टोकाकडून ऐकू आलं की आम्ही ताठ उभ्या राहायचो.

शाळेकडे बीम नव्हता. बाईंनी सुताराला माप दिलं: सोळा फूट लांब, चार इंच रुंद, जमिनीपासून चार फूट उंच. सुतार म्हणाला, "बाई, चार इंचावर मांजर चालेल. पोरी कशा चालतील?" तरी त्याने सागवानाचा एकसंध वासा घेऊन, रंधा मारून मारून तो असा गुळगुळीत केला की आम्ही नुसता हात फिरवायला रांग लावायचो. खाली काथ्याच्या गाद्या अंथरायच्या. एवढंच आमचं सामान.

आम्ही आठ जणी होतो. त्यातली माझी मैत्रीण म्हणजे दिंडोरीची. तिच्या वडिलांची द्राक्षाची बाग होती आणि ती शिकायला पंचवटीत मामाकडे राहायची. आम्ही तिला दिंडोरीचीच म्हणायचो, आणि तिलाही ते आवडायचं. भीती नावाची वस्तू तिच्या घरी कुणी कधी आणलीच नसावी. बीमवरून पडली तर उठून कपडे झटकायची आणि म्हणायची, "काय नाय झालं," आणि पुन्हा वर.

मी सुद्धा सकाळी मैदानावर चांगली होते. कदाचित आठ जणींत सगळ्यात चांगली. एका पायावर तोल, अर्धी गिरकी, बीमवरची कोलांटी, शेवटची उडी, सगळं मला यायचं. पण मैदानाच्या कडेला कुणी येऊन उभं राहिलं की माझं काहीतरी बिघडायचं. शिपाईमामा घंटेला जाताना क्षणभर थांबले तरी पुरायचं. तळवे ओले व्हायचे, पावलं गार पडायची, पुढचं पाऊल डावं की उजवं हे आठवायचं नाही, आणि हटकून लघवीला जावंसं वाटायचं. भिंतीवरून रोज चालणारी मुलगी ती हीच का, असं मलाच वाटायचं.

पहिली जिल्हा स्पर्धा नाशिकलाच, एका मोठ्या शाळेच्या हॉलमध्ये होती. कॉस्च्युम विकत मिळायची सोय नव्हती. आईने होजिअरीचं पांढरं कापड आणून लांब बाह्यांचा, अंगाला बसणारा कॉस्च्युम शिवला आणि तो मरून रंगात बुडवला. "पाय उघडे राहणार?" हे ती तीन दिवस वेगवेगळ्या प्रकारे विचारत होती. वडील पोस्टात कारकून होते. ते एकदाच म्हणाले, "खेळाचे कपडे खेळासाठी असतात. तू शिव." आणि तिने शिवला.

हॉलमध्ये टेबलामागे चार परीक्षक बसले होते. चौघांच्या हातात टोक केलेल्या पेन्सिली. माझा नंबर पुकारला. मी हात वर करून सलामी दिली, बीमवर चढले आणि चढल्या चढल्याच पडले. पुन्हा चढले, गिरकीत पडले. तिसऱ्यांदा कोलांटीच्या आधीच पडले आणि मग मात्र वर चढलेच नाही. सरळ दाराकडे चालायला लागले, मग पळायला लागले आणि मैदानाच्या कोपऱ्यातल्या संडासात जाऊन कडी लावून घेतली. घामाने आईचा मरून रंग माझ्या मांड्यांवरून खाली ओघळत होता. ते पाहून मला जास्तच रडू आलं.

बाहेरून बाईंनी दार वाजवलं. "अगं, घाबरायचं नाही. घाबरायचं नाही गं."

संध्याकाळी सायकलवर पुढे दांडीवर बसवून नेताना वडील म्हणाले, "घाबरायचं नाही." आईने गरम पाण्याने पाय धुताना म्हटलं, "घाबरायचं काय त्यात?" शेजारच्या मावशींनी भिंतीवरून तेच सांगितलं. सगळे प्रेमाने सांगत होते. मी प्रत्येकाला हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं की मी सोडते.

"बरं," बाई म्हणाल्या. "पण गाद्या उचलायला कुणी नाही. तेवढ्यापुरती येत जा."

म्हणून मी येत राहिले.

त्या दिवाळीनंतर बाईंनी एक जुनी, हिरवी लेडीज सायकल घेतली. त्या पंचवटीत खोली घेऊन राहायच्या आणि होळकर पुलावरून, रविवार कारंज्यावरून शाळेपर्यंत चालत यायच्या. आता सायकल आली, पण ती हातात धरून, ढकलत. हँडलला डब्याची पिशवी अडकवलेली.

"पंक्चर आहे," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीही पंक्चर होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. दिंडोरीची म्हणाली, "बाई, आमच्या मामाच्या वळखीचा सायकलवाला हाय, फुकट काढून देईल." बाई म्हणाल्या, "बघू." आठवडा गेला, दुसरा गेला. सायकल रोज बाईंबरोबर फिरायला आल्यासारखी यायची आणि संध्याकाळी परत जायची.

एके दिवशी मी लवकर पोचले. बाई गाद्यांच्या खोलीची किल्ली आणायला आत गेल्या होत्या आणि सायकल कडुनिंबाला टेकवलेली होती. मी सहज पुढचं चाक दाबलं. दगडासारखं टणक. मागचं दाबलं. तेही तसंच. मान वर केली तर बाई किल्ली घेऊन समोर उभ्या.

"बाई, हवा तर आहे."

बाईंनी इकडे तिकडे बघितलं. दिंडोरीची गेटातून आत येत होती, तेवढीच. "मला येत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे येते थोडी. पण रस्त्यावर नाही येत."

मग गादीच्या कडेवर बसून त्यांनी आम्हा दोघींना सांगितलं. त्यांच्या गावात बाईमाणूस सायकलवर बसलं असतं तर कांद्याच्या शेतातली माणसं खुरपी टाकून बघत उभी राहिली असती. कॉलेजात मैत्रिणींनी एकदा बसवलं. रस्त्यावरची सगळी माणसं आपल्याकडेच बघताहेत असं वाटलं, हात गळाले आणि बाई सरळ चहाच्या टपरीत शिरल्या. "तीन कप फुटले," बाई म्हणाल्या, आणि एवढं मोठ्याने हसल्या की आम्हालाही हसू फुटलं. "सायकल घेतली तेव्हा वाटलं, घरात आली की आपोआप धीर येईल. कुठला येतोय!"

मला आत कसलातरी प्रकाश पडल्यासारखं झालं. एवढ्या उंच, एवढ्या ताठ बाई, आणि त्यांना माझंच दुखणं!

"आम्ही शिकवू," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

दुसऱ्या दिवसापासून सरावाच्या आधी पाऊण तास बाईंची शिकवणी सुरू झाली. दिंडोरीची मागून कॅरिअर धरायची, मी पुढे उलटी पळायचे. बाईंनी साडीच्या निऱ्या वर खोचलेल्या. पहिल्या दिवशी मैदानभर एकच आरोळी चालली होती: "माय वं! पडी जासू! सोडू नको वं पोरी!" आठ दिवसांत मात्र त्या मैदानाला एकट्या फेरी मारायला लागल्या. दहाव्या दिवशी दूधवाला कुंपणापाशी थांबला, कॅन खाली ठेवला आणि नुसता बघत राहिला. बाईंचं हँडल डुगडुगलं, पाय सुटला आणि त्या सायकलसकट लांब उडीच्या वाळूत बसल्या.

मी धावत गेले. "बाई, घाबरायचं नाही!"

बाईंनी वाळूतूनच माझ्याकडे पाहिलं. "अगं, तू हे म्हटलंस की काय होतं सांगू? आधी मला नुसती सायकल सांभाळायची होती. आता सायकलही सांभाळायची आणि मी घाबरलेली नाही असं तोंडही सांभाळायचं." मग हाताची वाळू झटकत त्या म्हणाल्या, "त्या दिवशी दाराबाहेरून मी तुला हेच सांगत होते, नाही का?"

"हो बाई."

"मग तू आत काय केलंस?"

"कडी घट्ट लागली आहे ना ते बघितलं."

बाई वाळूत मागे हात टेकून हसत सुटल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "बरं, मग काय सांगायला पाहिजे होतं?"

उत्तर दिलं ते दिंडोरीचीने. "बाई, आमचा बैल बुजला ना, तर बाबा त्याला बुजू नको असं कधी म्हणत नाय. कासरा धरतात अन् चल म्हणतात. एक पाऊल टाकलं की पुन्हा चल म्हणतात. मग तो जातो."

बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांच्या शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात हा तास घ्यायचा राहूनच गेला होता.

त्या दिवसापासून 'घाबरू नको' या शब्दांना मैदानावर बंदी आली. जो म्हणेल त्याने दहा बैठका काढायच्या. शिपाईमामांनीही एकदा काढल्या. त्याऐवजी आम्ही फक्त पुढचं काम सांगायचं. बाईंना: "पॅडल. समोरचं झाड बघा. पॅडल." आणि मला, कारण गाद्या उचलता उचलता मी पुन्हा बीमवर चढायला लागले होते: "टाच. टोक. हात." टाच खाली टेक, नजर बीमच्या टोकावर, हात खांद्याच्या रेषेत. प्रत्येक हालचालीचे असे दोन-तीन शब्द आम्ही ठरवले. रात्री जेवताना मी ते पुटपुटायचे तेव्हा धाकटा भाऊ आईला म्हणायचा, "ताई मंत्र म्हणतेय."

पण शब्दांनी सगळं भागत नव्हतं. बघणारे समोर आले की अजूनही पावलं गार पडायची. बाई म्हणाल्या, "आपण बीमचा सराव करतो. बघणाऱ्यांचा सराव कधी केला?" मग त्यांनी बघणारे आणायला सुरुवात केली. आधी शिपाईमामांना खुर्ची टाकून बसवलं. मग पाचवीचा एक वर्ग. मग समोरच्या दुकानातले शिंपीकाका, जे एवढे लाजले की आमच्याऐवजी छपराकडेच बघत बसले.

आणि मग वडिलांनी घरी जाहीर केलं, "बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात तुमच्या बाईंना दहा मिनिटं दिली आहेत."

आमची कॉलनी सगळी बौद्ध कुटुंबांची. कुणी पोस्टात, कुणी रेल्वेत, कुणी शिक्षक. दर बुद्धपौर्णिमेला विहारासमोरच्या मोकळ्या जागेत मंडप पडायचा, वंदना व्हायची, भाषणं व्हायची, मुलांची गाणी व्हायची आणि शेवटी खीर. म्हणजे मला लहानपणापासून ओळखणारी दोनशे माणसं. मी दोन दिवस जेवले नाही. आईची चिंता वेगळीच होती. शेवटी तिने कॉस्च्युमखाली घालायला त्याच कापडाची घट्ट विजार शिवली आणि या वेळी रंग दोनदा उकळून पक्का केला.

बीम हातगाडीवरून आणला. सोळा फुटांचा वासा गाडीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येत होता, म्हणून टोकाला लाल फडकं बांधलं होतं. वडील पुढून ओढत होते, दोन काका मागून ढकलत होते, आणि आम्ही आठ जणी गाद्या डोक्यावर घेऊन मागे. रस्त्यातल्या टांगेवाल्याने विचारलं, "घर बांधताय का?" वडील म्हणाले, "मुलगी चालणार आहे यावरून." टांगेवाला कॉलनीपर्यंत आमच्या मागे आला.

पाच वाजता दिंडोरीचीने सुरुवात केली आणि टाळ्यांचा पाऊस पडला. मग मी. माइक आमच्या शेजारच्या काकांकडे होता आणि त्यांना क्रिकेटच्या कॉमेंटरीचा भारी नाद. "आता वर चढत आहेत... एका पायावर उभ्या आहेत... वा! आता वळत आहेत..." आणि गिरकीत माझा पाय सरकला. "पडल्या आहेत!" काका माइकवर ओरडले.

मी गादीवर पालथी होते. पळायचं तर घर पन्नास पावलांवर. तेवढ्यात बाई बीमच्या शेजारून, अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "हात."

मी बीमवर हात ठेवले.

"उडी."

मी वर आले. आणि माइकमधून गर्जना झाली, "पुन्हा चढल्या आहेत! मंडळी, पुन्हा चढल्या आहेत!" आणि अख्ख्या मंडपाने अशा टाळ्या वाजवल्या की तशा दिंडोरीचीच्या कोलांटीलाही मिळाल्या नव्हत्या. मी चक्रावले. मी पडले हे सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि कुणाचंच काही बिघडलं नव्हतं! उलट पुढच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या आज्जी शेजारणीला सांगत होत्या, "मला तर ती चढली तेच लई आवडलं." उरलेल्या हालचाली मी केल्या. कोलांटीत जरा हलले, पण राहिले.

नंतर खिरीपेक्षा बीमपाशीच गर्दी जास्त. पोरं चढली, पोरांचे बाप चढले. माइकवाले काका धोतर सावरत तीन पावलं चालले आणि धप्पकन गादीवर आले. माइक आता माझ्या भावाच्या हातात होता. "पडल्या आहेत!" तो किंचाळला. आई पदर तोंडाला लावून हसत होती, हसता हसता तिला ठसका लागला.

शाळा उघडल्यावर पाळी बाईंची होती. त्यांनी स्वतःच ठरवलं: घरापासून शाळेपर्यंत, सायकलवर बसून, भर सकाळी. दिंडोरीची आणि मी त्यांच्या खोलीपाशी जाऊन थांबलो. बाई निघाल्या. आम्ही दोन्ही बाजूंनी पळत. "पॅडल! पूल बघा! पॅडल!" पुलावर समोरून एसटी आली, मागून टांगा. बाई घामाघूम, पण सरळ. पुलानंतरचा चढ त्यांनी उभं राहून मारला. फुलं विकणाऱ्या बायका बघत होत्या, पुरीभाजीच्या दुकानातला माणूस झारा हातात धरून बघत होता, आणि बाई मोठमोठ्याने म्हणत होत्या, "बघा! खुशाल बघा!"

रविवार कारंज्यापाशी पोचल्यावर मात्र त्या शाळेकडे वळल्या नाहीत. त्यांनी चौकाला पूर्ण वळसा घातला. मग दुसरा घातला.

"बाई, इकडं! शाळा इकडं!"

"उतरू कशी?" बाई ओरडल्या. "उतरायचं शिकवलंच नाही तुम्ही!"

खरंच नव्हतं शिकवलं. मैदानावर त्या नेहमी वाळूत जाऊन थांबायच्या. तिसऱ्या वळशाला दिंडोरीचीने झेप घेऊन कॅरिअर पकडलं, मी हँडल धरलं आणि तिघी मिळून एका केळीवाल्याच्या गाडीला हलकेच टेकलो. केळी सगळी जागेवर राहिली. बाईंनी भाव न करता दोन डझन घेतली आणि त्या दिवशी अख्ख्या सहावी-सातवीने अर्धं अर्धं केळं खाल्लं.

त्या वर्षीची जिल्हा स्पर्धा मनमाडला, रेल्वेवाल्यांच्या एका मोठ्या हॉलमध्ये होती. पॅसेंजरने गेलो. बाहेर इंजिनांच्या शिट्ट्या, आत तेच टेबल, तसेच चार परीक्षक, तशाच पेन्सिली. माझे तळवे ओले झाले. मी बाईंना म्हटलं, "बाई, जाऊन येऊ?"

"जा. थांब, मीही येते," बाई म्हणाल्या. "मलाही केव्हाची आली आहे."

आम्ही परत आलो तर दिंडोरीची बाकावर विचित्र बसली होती. हात मांड्यांखाली, चेहरा पांढरा. तिने हनुवटीनेच दाराकडे दाखवलं. दारात फेटा बांधलेले तिचे वडील उभे होते, बरोबर आई, काका आणि गावातली पाच-सहा माणसं. द्राक्षाच्या बागेतलं काम टाकून, दिंडोरीहून नाशिक आणि नाशिकहून मनमाड असं करत ते लेकीचा खेळ बघायला पहिल्यांदाच आले होते.

"माझे पाय माझेच वाटत नाय," ती म्हणाली. "मला काय होतंय?"

मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. या मुलीला कसं कळणार काय होतंय ते? मला तर त्या भीतीची सगळी घरं माहीत होती. मी तिच्यापुढे उकिडवी बसले आणि तिची पावलं माझ्या तळव्यांनी चोळायला लागले. "गार पडली ना? पडतात. नंतर गरम होतात. लघवीला जायचंय?"

"हो."

"ते खरं नसतं. अर्धं खरं असतं. जाऊन ये, मी तुझा नंबर ऐकते."

ती आली. मी म्हटलं, "पहिलं काय?"

"टाच."

"मग?"

"टोक."

"बाबा?"

"बाबा टोकाला नायेत. दारात हायेत," ती म्हणाली आणि तिला थोडंसं हसू आलं.

तिचा नंबर पुकारला. ती चढली, एकदा जोरात डुगडुगली, पण सावरली. उडी मारून उभी राहिली तेव्हा दारातून एक फेटा छपराच्या दिशेने उडाला. एक परीक्षक पेन्सिल टाकून हसायला लागले.

लगेच माझा नंबर होता. तिच्या पायांच्या नादात माझ्या पायांकडे बघायचं राहूनच गेलं होतं. बीमवर चढल्यावर आठवलं की अरे, आपल्यालाही भीती वाटतेय. वाटत होती. पण टाच होती, टोक होतं, हात होते. गिरकीत मी क्षणभर कलले आणि सगळा हॉल माझ्याबरोबर कलला, हे मला अगदी स्पष्ट जाणवलं. इतकी माणसं मी पडू नये म्हणून बघताहेत, हे तोवर माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. कोलांटी झाली. उडी मारली. गुडघे किंचित वाकले, एक पाऊल पुढे गेलं, पण मी उभी होते.

दिंडोरीची दुसरी आली, मी चौथी. आमच्यातल्या चौघींचा संघ विभागीय स्पर्धेला निवडला गेला. तिच्या वडिलांनी मनमाड स्टेशनवर सगळ्यांना भजी खाऊ घातली आणि मला म्हणाले, "पोरी, मी दारातून बघत व्हतो. तू तिचे पाय काहून चोळत व्हती?" मी म्हटलं, "थंडी वाजत होती तिला." ते म्हणाले, "अशा उन्हात?" आणि दिंडोरीची भज्यात तोंड खुपसून हसत बसली.

विभागीय स्पर्धा धुळ्याला झाली. तिथे आम्ही फार खाली गेलो, खालून मोजलं तर लवकर सापडू इतक्या. तिथे जळगावकडची एक मुलगी होती, आमच्याच वयाची, दोन वेण्या डोक्याभोवती गुंडाळलेली. तिने बीमवर उभं राहून मागच्या मागे उडी घेतली, हात टेकले, पाय वरून फिरले आणि ती पुन्हा चार इंचावर उभी. असं काही असतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आम्ही तळवे लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. बाई तर बाकावरून उठून उभ्याच राहिल्या होत्या. "माय वं," एवढंच म्हणत होत्या.

परतीच्या एसटीत दिंडोरीची खिडकीशी बसली होती. मालेगाव मागे पडलं. मग म्हणाली, "बाई, ती पोरगी हात आधी टेकत होती का पाय आधी उचलत होती?"

"पाय," मी म्हटलं.

"हात," बाई म्हणाल्या. "थांबा, काढून दाखवते. कागद आहे का कुणाकडे?"

कुणाकडेच नव्हता. मग मी पिशवीतून माझं सहभागाचं प्रमाणपत्र काढलं आणि उलटं करून बाईंच्या मांडीवर ठेवलं. बाई पेन घेऊन त्या मुलीची आकृती काढायला लागल्या. एसटी खड्ड्यातून चालली होती, रेघा वाकड्या येत होत्या, एक पाय दुसऱ्यापेक्षा फारच लांब झाला. आम्ही चौघी त्यांच्या खांद्यांवरून वाकून बघत होतो आणि भांडत होतो, हात आधी की पाय आधी. एक प्रमाणपत्र भरलं तेव्हा दिंडोरीचीने आपलं काढून दिलं.